अडलेलं वाक्य

"सर, सात नंबरचा पेशंट जरा अस्वस्थ वाटतोय. वेळ मिळाला तर एकदा बघून जाता का?"

हे वाक्य मी बावीस वर्षांपूर्वी, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी, वॉर्डातल्या फोनवर बोलले होते. शब्दन् शब्द आठवतो, कारण पुढच्या दोन दिवसांत चार-पाच जणांपुढे ते मला पुन्हा पुन्हा म्हणून दाखवावं लागलं. नागपुरातलंच एक खासगी हॉस्पिटल होतं. नावाशी आता काही घेणं नाही. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन नुकतीच लागलेली. नाइट ड्युटी, सव्वीस पेशंट आणि आम्ही दोघी. सात नंबरवर आदल्या दुपारी पोटाचं ऑपरेशन झालेले एक काका होते. रात्री आठला ओव्हर घेतली तेव्हा त्यांची नाडी ८८ होती. बाराला १०४. दोनला १२६. तळहात गार, कपाळावर घाम, सारखं उठून बसायला बघत होते. आतून रक्त जातंय, हे माझ्या डोक्यात स्वच्छ, याच शब्दांत आलं होतं. मग फोन लावला, पलीकडून झोपेतलं "हं, बोला" ऐकू आलं, आणि तोंडातून बाहेर पडलं ते वरचं वाक्य.

"वॉच ठेवा सिस्टर. सलाइन चालू आहे ना?"

"हो सर."

आणि मी वेळ घालून नोट्समध्ये लिहिलं : डॉक्टर इन्फॉर्म्ड.

साडेचारला बीपी ७० वर आलं. पाचला काकांना पुन्हा ओटीत घेतलं. वाचले. पण अकरा दिवस आयसीयूत काढले, आणि त्यांच्या बायकोनं काचेपलीकडून माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती नजर मी अजून कुठं ठेवू शकलेले नाही. त्या डॉक्टरांना मी कित्येक वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. झोपाळू, माजोरडा, काय काय. दुसऱ्या दिवशी ते मला एवढंच म्हणाले होते, "सिस्टर, तुम्ही १२६ सांगितलंच नाही." आवाज चढवून नाही, अगदी थकून. ते खरं बोलत होते, हे मान्य करायला मला स्वतः मास्तरीण व्हावं लागलं.

ज्यांनी वॉर्डात रात्री काढल्या आहेत त्यांना 'इन्फॉर्म्ड' या शब्दाची चव माहीत आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ काहीही असो, आमच्या केसपेपरवर त्याचा अर्थ 'मी सुटले' असा होतो. उद्या चौकशी झाली तर माझ्याकडे कागद आहे. रजिस्टर पोस्टानं पाकीट पाठवून पावती जपून ठेवावी आणि आत कोरा कागद असावा, तसं काहीसं.

आता मी नर्सिंगच्या मुलींना (आणि हल्ली थोड्या मुलांनाही) शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ठरलं की वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून 'टीमवर्क' शिकवायचं, आणि मीटिंगमध्ये मी त्या वेळी पाणी पीत असल्यामुळे नाही म्हणू शकले नाही. कागदोपत्री त्याला 'आंतरव्यावसायिक शिक्षण' म्हणतात. हा शब्द एका दमात उच्चारता येणं हीच पहिली परीक्षा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये त्यावर एक आराखडा काढला, त्यातली व्याख्या मात्र सोपी आहे : दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांबरोबर शिकतात तेव्हा ते हे शिक्षण. तीन शब्दयोगी अव्ययं. आम्ही त्यातलं फक्त शेवटचं उचललं, तेही अर्धवट. मोठ्या हॉलमध्ये दोनशे पोरं बरोबर बसवली. पुढच्या रांगांत एमबीबीएसवाले, मागं नर्सिंगच्या मुली, खिडकीशी फिजिओथेरपी, आणि दाराजवळ, लवकर पळता यावं म्हणून, फार्मसीवाले. मी पीपीटी केली होती. त्यात रानहंसांचा थवा होता, मुंग्या साखरेचा दाणा ओढत होत्या, आणि शेवटच्या स्लाइडवर एकमेकांत गुंफलेले हात. टाळ्या चांगल्या वाजल्या. बाहेर पडताना मुलं ज्या रांगांनी आली त्याच रांगांनी गेली.

त्या आठवड्यात एका सकाळी मेडिकल चौकाकडे तर्री पोहे खायला थांबले होते. गाडीभोवती पंचवीस-तीस पोरं. कुणाच्या हातावर घडी घातलेला पांढरा ॲप्रन, कुणाचा नर्सिंगचा गणवेश, कुणाच्या गळ्यात लॅबचं ओळखपत्र. पोहे एकच, तर्री एकाच पातेल्यातली, वरचा चिवडा आणि चणेसुद्धा तेच. पण उभं राहण्यात चार टापू, आणि मधून वाहता रस्ता असावा इतकं अंतर. पाच वर्षांनी हीच पोरं मध्यरात्री एका कॉटभोवती उभी राहणार आणि आम्ही म्हणणार, करा आता टीमवर्क.

यात पोरांचा दोष थोडाच. आपण त्यांना कायद्यानंच वेगळं वाढवतो. नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा, फार्मसीचा १९४८ चा, डॉक्टरांसाठीचा वैद्यकीय आयोग २०२० पासून कामाला लागला, आणि फिजिओथेरपी, लॅब, ऑक्युपेशनल थेरपी वगैरे मंडळींना देशपातळीवर एक कायदा मिळायला २०२१ उजाडलं. प्रत्येकाची परिषद वेगळी, परीक्षा वेगळी, टाइमटेबल तर विचारूच नका. सगळ्यांना मोकळा असा एकच वेळ निघाला : शनिवार, दुपारी दोन ते चार. उन्हाळ्यात नागपुरात शनिवारी दुपारी दोनला माणूस स्वतःच्या मावशीकडेही जात नाही. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत, त्यातली एक 'आरोग्य-टीमचा नेता आणि सदस्य'. मी वर्गात विचारते तेव्हा 'नेता' सगळ्यांना आठवतो. 'आणि'च्या पुढचं कुणीतरी एक मुलगी सांगते.

हॉल सोडला. बारा-बारांचे गट केले. दाराशी खुंट्या लावल्या, ॲप्रन काढून तिथं टांगायचे. छातीवर चिठ्ठी, त्यावर फक्त नाव. कोर्स लिहायचा नाही. पहिली दहा मिनिटं एक फालतू काम द्यायचं : वर्तमानपत्राच्या कागदाचा उंच मनोरा करा. मी कोपऱ्यात बसून ऐकते. पहिल्याच वेळी एक गोष्ट कानाला लागली आणि अजून दर वेळी लागते. सुरुवातीला सगळे विशीतले, सगळे अरे-तुरे. "तू धर ना इकडून", "अबे, सोडू नको." मग पाच-सात मिनिटांत कुणीतरी विचारतंच, "तू कोणत्या कॉलेजची?" ती सांगते, नर्सिंग. आणि तो मुलगा, अगदी सभ्यपणे, तिला 'तुम्ही' म्हणायला लागतो. पुढच्या वाक्यात 'सिस्टर'. छातीवर ठळक अक्षरात नाव लावलेलं असताना. तीसुद्धा लगेच त्याला 'सर' म्हणते. तो तिच्याहून एक वर्षानं लहान असतो. पाच-सात मिनिटं त्या पोरीला नाव होतं.

मराठीत आदर दाखवायची सोय फार चांगली आहे, याबद्दल मला तक्रार नाही. सासूबाईंना मी मरेपर्यंत अहो-जाहोच केलं. पण या आदराखाली एक सपाट फळी असते, तिच्यावर पाय देऊन वर जाता येत नाही. 'लहान तोंडी मोठा घास' असं आपण मुलांना सांगत असतो. माझा घास मोठा नव्हता हो, तीन अंकांचा होता, एकशे सव्वीस. तरी घशात अडकला.

पण मला सांगायचं आहे ते उन्हाच्या केसबद्दल.

आमच्याकडे दर मे महिन्यात शिकवायला यापेक्षा चांगली केस नाही. उन्हाळा लागला की नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांत कोल्ड वॉर्ड उघडतात. कूलर, बर्फ, सलाइनची तयारी. तेव्हा मी सरावाचा पुतळा कॉटवर ठेवला आणि सांगितलं : दुपारचे तीन. मिहानकडच्या एका साइटवरून चाळिशीचा मजूर सोबत्यांनी ऑटोत घालून आणलाय. अंग भट्टीसारखं, बडबड असंबद्ध, सोबत्यांपैकी एकालाच त्याचं नाव माहीत आहे. सहा जण आत या. दहा मिनिटं. आणि एका मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून दिलं.

एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा कुणी न सांगता डोक्याशी जाऊन उभा राहिला. हुशार पोरगा, लातूरकडचा. "टेंपरेचर घ्या." नर्सिंगच्या मुलीनं काखेत थर्मामीटर लावला, मी सांगितलं १०२.६. त्याचा जीव भांड्यात पडला. "आयव्ही लाइन, सलाइन, पॅरासिटामॉल इंजेक्शन द्या. आणि बर्फ आणा." फिजिओची मुलगी पायाशी हाताची घडी घालून. लॅबचा मुलगा रक्ताच्या नळ्या मांडून बसला, कारण नळ्या मांडणं त्याला येतं. दहा मिनिटं संपली, पुतळा मी मेला म्हणून जाहीर केला. पोरं हिरमुसली.

मग रेकॉर्डिंग लावलं. चौथ्या मिनिटाला, इंजेक्शनच्या गडबडीत, मागून एक आवाज अगदी स्पष्ट येतो : "पॅरासिटामॉलनं नाही उतरणार पण हे..." फार्मसीचा मुलगा. सगळे त्याच्याकडे वळून बघायला लागले. खोलीत कुणीच ऐकलं नव्हतं, मोबाइलनं ऐकलं होतं.

"सांग ना आता," मी म्हटलं.

तो उभा राहिला, आधी बसूनच बोल म्हटलं तरी. म्हणाला, तापात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान वर नेऊन ठेवतो, पॅरासिटामॉल ते खाली आणतं. उष्माघातात मेंदूनं काही बदललेलं नसतं, उष्णता बाहेर पडायला जागाच उरलेली नसते. म्हणून औषधाला तिथं धरायला काही नाही. वर यकृताला आधीच मार बसलेला असतो, त्याच्यावर आणखी भार कशाला. बाहेरूनच थंड करावं लागतं, आणि लवकर. हे सगळं त्यानं दीड मिनिटात सांगितलं. लातूरकर खाली मान घालून लिहून घेत होता, हे मला आवडलं.

"मग तेव्हा मोठ्यानं का नाही बोललास?"

"मॅडम, ऑर्डर डॉक्टरची असते ना. आम्हाला शिकवलं आहे, चिठ्ठीवर आहे ते द्यायचं."

खरं तर चिठ्ठीत चूक दिसली तर विचारायचं, हेही त्यांना शिकवलेलं असतं. पण ते परीक्षेपुरतं.

मग काखेतला थर्मामीटर. असा पेशंट असेल तर काखेतलं तापमान फसवतं, आतलं खरं तापमान गुदद्वारातून घ्यावं लागतं, आणि आत ४० अंश सेल्सियसच्या (म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या) वर गेलेलं असतं तेव्हा बाहेर १०२ दिसू शकतं. माझ्या नर्सिंगच्या मुलीला हे माहीत होतं. पाठ होतं. "मॅडम, सगळ्या पोरांसमोर थे कसं म्हणू जी?" तिनं हळूच विचारलं. तिच्या गोंदियाकडच्या बोलीतला तो 'थे' ऐकून मला हसूही आलं आणि रडूही. एका पोराचं ज्ञान पदामुळे अडलं, एकीचं लाजेमुळे, आणि मरायला पुतळा एकच.

फिजिओची मुलगी म्हणाली, "मी विचार करत होते की माझं इथे काय काम. पण तो उताणा पडून बडबडत होता, ओकला असता तर? कुशीवर वळवायला मी शिकलेय ना." बाईसाहेब, मग वळवायचं ना!

शेवटी बर्फ. "बर्फ आणा" हे वाक्य लातूरकर छताकडे बघून बोलला होता. कुणाला उद्देशून? कुणालाच नाही. म्हणून कुणीच गेलं नाही. प्रत्येकाला वाटलं दुसरा जाईल. मी त्याला विचारलं, "समजा गेला असता कुणी. कुठून आणणार होतास?"

"फ्रीज असेल ना वॉर्डात."

"त्यात इंजेक्शनं असतात. किती बर्फ निघेल?"

शांतता. बारा जण, मिळून तीस-बत्तीस वर्षांचं वैद्यकीय शिक्षण, आणि मे महिन्यातल्या नागपुरात दुपारी तीनला बर्फ कुठं मिळतो हे कुणाला सांगता येईना. तेवढ्यात दारातून आवाज आला. खुर्च्या लावायला आलेले आमचे वॉर्डातले मामा तिथंच टेकून उभे होते.

"फ्रीजातल्या ट्रेनं काय होते जी मॅडम? गेटाबाहेर रसवंतीवाला हाये ना, त्याच्यापाशी लादी राह्यते. मागं असाच एक पेशंट आला होता, तं मीच आणली होती पोत्यात बांधून."

वर्ग हसला. मामा ओशाळले. मी म्हटलं, हसू नका, आज या खोलीत पेशंट वाचवण्याचं नेमकं उत्तर एकट्यांनी दिलंय. पुढच्या शनिवारी मामांना सातवा सदस्य म्हणून घेतलं. त्यांनी बर्फ कुठं लावायचा ते विचारलं; मानेला, काखेत, जांघेत. ओली चादर आणि वरून पंखा. फार्मसीच्या मुलानं स्वतःहून घड्याळ हातात घेतलं, कारण ३९ च्या आसपास आलं की थंड करणं थांबवायला कुणीतरी सांगावं लागतं, नाहीतर माणूस उलट्या दिशेनं खाली जातो. पुतळा वाचला.

एक कबुली इथंच देऊन टाकते. त्यांच्या छातीवर लावायला चिठ्ठी लिहायला घेतली आणि माझं पेन थांबलं. आठ वर्षं एका इमारतीत काम केलेल्या माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. 'मामा' म्हणत होते, प्रेमानं म्हणत होते, आणि 'सिस्टर' म्हणणाऱ्यांवर भाषणं देत होते. शेवटी ऑफिसात जाऊन मस्टर बघितलं.

वाक्य अडणं हे फक्त आपल्या वॉर्डातलं दुखणं नाही. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमानं धडकून ५८३ माणसं गेली. उड्डाणासाठी सुटलेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की समोरचं विमान अजून धावपट्टीवरून हटलेलं नाही. त्यानं ती विचारलीही. पण प्रश्न म्हणून विचारली. कॅप्टन ठामपणे हो म्हणाला, आणि तो गप्प बसला. माझं "बघून जाता का" आणि त्याचं वाक्य एकाच घराण्यातलं. या आणि अशा अपघातांनंतर विमानवाल्यांनी धडा घेतला आणि हाताखालच्या माणसाला बोलायला आणि वरच्याला ऐकायला रीतसर शिकवायला सुरुवात केली. ते पुढं ऑपरेशन थिएटरांत आलं. त्यातला एक नियम मला फार आवडतो : शंका एकदा सांगून कानावर घेतली गेली नाही, तर दुसऱ्यांदा सांगायचीच. हा तुमचा हक्क वगैरे काही नाही, काम आहे. भीड ही भिकेची बहीण, हे आपल्या आज्या सांगत होत्या, पण दोनदा बोला असं कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक साधन अमेरिकेच्या आण्विक पाणबुड्यांवरून दवाखान्यांत आलं. फोनवर बोलायची चार पायऱ्यांची पद्धत : आत्ता काय घडतंय, आधीचं काय, माझा अंदाज काय, आणि मला काय हवं. इंग्रजी आद्याक्षरं जोडून त्याचं एक नाव आहे, मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. मी सांगितलं, तुमच्या घरच्या भाषेत करा. एका गटानं फळ्यावर लिहिलं : 'काय झालं. आधी काय होतं. मले काय वाटते. आता काय पाह्यजे.' हे चार ओळींचं पोस्टर आमच्या खोलीत अजून आहे. तिसऱ्या ओळीला सगळ्या नर्सिंगच्या मुली अडखळतात. 'मले काय वाटते' हे त्यांना कुणी कधी विचारलेलंच नसतं. घरी नाही, हॉस्टेलवर नाही. (आमच्या मुलींच्या हॉस्टेलचं गेट संध्याकाळी बंद होतं, त्याच वयाचे एमबीबीएसवाले रात्री एकला चहा प्यायला फिरतात. जिला संध्याकाळी कुठं जावं हे ठरवता येत नाही, तिनं रात्री दोनला 'माझ्या मते आतून रक्तस्राव आहे' असं म्हणावं, ही अपेक्षा जरा गमतीचीच.)

दुसरी केस आम्ही सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, करतो. विदर्भात तिला पर्याय नाही. चंद्रपूरकडची सतरा वर्षांची मुलगी, कंबरेच्या खुब्यात दुखतं, महिन्यातून दोनदा कॉलेज बुडतं. इथं कुणी डोक्याशी उभं राहू शकत नाही, कारण उत्तर एकाकडे नसतंच. लॅबचा मुलगा सांगतो की झटपट होणाऱ्या सोल्युबिलिटी टेस्टमध्ये वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नाही, त्यासाठी पुढची तपासणी लागते. आणि लातूरकरासारखे दोन-तीन जण चमकून बघतात. फिजिओ सांगते की खुब्याचं हाड रक्तपुरवठ्याअभावी झिजलं असेल तर कोणता व्यायाम द्यायचा नाही. ऑक्युपेशनल थेरपीच्या मुलीला दर वेळी हाच प्रश्न येतो, "तुम्ही आणि फिजिओ सारखंच ना?" तिनं एकदा वैतागून उत्तर दिलं ते मी वहीत लिहून ठेवलंय : "ती तुम्हाला जिना चढायला लावेल. वर गेल्यावर आंघोळ कशी करायची, वेणी कशी घालायची, ते मी." आणि एमएसडब्ल्यूची (समाजकार्याची) विद्यार्थिनी सगळ्यांत शेवटी बोलते, की सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, रुग्णांना एसटीत सवलत आहे, आणि या मुलीला ते कुणी सांगितलं का? हायड्रॉक्सियुरिया रोज घे म्हणून सांगितलं, पण गोळ्या संपल्यावर नागपूरला यायचे पैसे कुठून आणायचे हे कुणी विचारलं का? तिला आधी बोलू द्यावं असं मला अलीकडे वाटायला लागलंय.

या सगळ्याचा उपयोग होतो का, असं वरिष्ठ विचारतात. मी त्यांना ऑपरेशनच्या आधीच्या चेकलिस्टची गोष्ट सांगते, दोन्ही बाजूंनी. जागतिक आरोग्य संघटनेची ती एकोणीस मुद्द्यांची यादी नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत वापरून बघितली, निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले : मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, गुंतागुंत ११ वरून ७ वर. त्या यादीत चीर देण्याआधी एक मुद्दा असा आहे की खोलीतल्या सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं. मग कॅनडात ओंटॅरिओ प्रांतानं तीच यादी १०१ हॉस्पिटलांत लावली, २०१४ मध्ये निकाल आला, आणि मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. कागद तोच. तज्ज्ञ कारणांवर वाद घालत असतील, मला तरी त्यात माझं 'इन्फॉर्म्ड' दिसलं. चौकोनात टिक मारता येते आणि तोंड बंद ठेवता येतं.

आमच्याकडेही हेच होतं. शनिवारी पोरं नावानं हाका मारतात, हसतात, मामांना बर्फाबद्दल विचारतात. सोमवारी राउंडला एक मोठे डॉक्टर माझ्या एका विद्यार्थिनीला सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला विचारलं का?" तिनं फक्त ड्रेनची, म्हणजे जखमेतला स्राव जमा होणारी, पिशवी भरत आल्याचं सांगितलं होतं. झालं, दोन महिन्यांचे शनिवार एका वाक्यात वाहून गेले. शिकवायचं कुणाला, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यापुढे आहे, आणि त्या वयाच्या माणसांचा ॲप्रन दाराशी काढून घ्यायची माझी हिंमत नाही. मीही शेवटी "सर, जमलं तर एकदा सेशनला येऊन बघता का?" एवढंच म्हणून आले. हो, हेच शब्द.

गेल्या पावसाळ्यात रात्रीच्या सुपरव्हिजनला होते. तीनच्या सुमाराला जिना चढत होते तर वर वॉर्डातून फोनवरचा आवाज आला. त्या गोंदियाच्या मुलीचा. आता ती इंटर्नशिपला. मी पायरीवरच थांबले.

"अरे, मी बोलून राहिली, वॉर्डातून." नाव सांगितलं. त्याचंही नाव घेतलं. तो लातूरकर होता, तोही इंटर्न. "अकरा नंबर, काल ऑपरेशन झालेला. नाडी ११८, रात्री ८४ होती. लघवी दोन तासांपासून नाही. खूप चुळबूळ करून राहिला. मले वाटते आतून रक्त जाऊन राहिलं. तू आत्ता ये."

पलीकडून काहीतरी आलं. ती म्हणाली, "नाही, वॉच नाही. ये."

माझे हात कठड्यावर घट्ट झाले होते. तो आला, स्लिपर घालूनच, माझ्या अंगावरून धावत वर गेला. मी मागोमाग. त्यानं पोट बघितलं, बीपी बघितलं, मग चादर उचलली. कॅथेटरची नळी पेशंटच्या मांडीखाली दुमडली होती. मूत्राशय भरून दगडासारखं झालं होतं. बस. रक्तबिक्त काही नाही.

लघवी थांबली तर नळी आधी बघायची, हे नर्सिंगचं पहिलं पाठांतर. मी स्वतः शिकवलेलं. कान माझेच लाल झाले. ती तर रडायच्या बेतात. लातूरकरानं नळी सरळ केली, पिशवीत धार लागलेली बघत उभा राहिला आणि जांभई देत तिला म्हणाला, "मी पण आधी पोटच दाबलं ना. चहा आहे का?"

नळीबद्दल मी तिला बोलले. दुसऱ्या दिवशी, एकटीला, आणि कडक बोलले. त्या रात्री मात्र ते दोघं चहाला गेल्यावर मी नुसता केसपेपर उघडून बघितला. तिनं लिहिलं होतं :

'३.०५ - नाडी ११८, लघवी नाही. फोन केला. ३.१२ - डॉक्टर आले. कॅथेटर दुमडलेला होता, सरळ केला. लघवी ७०० मिली. ३.४० - नाडी ९०. पेशंट झोपला.'